सहा दिवस पुरेल अशी ताकद

वाचकाचे पत्र : माझे वय 47 आहे आणि काम बैठे आहे. दर हिवाळ्यात मी, माझे यजमान आणि पुतणी असे तिघे सहा दिवसांच्या स्कीइंगच्या सुट्टीला जातो, आणि दर वेळी एकच घडते. पहिले दोन दिवस आम्ही डोंगरावर नेणारी पहिली लिफ्ट सुरू झाल्यापासून शेवटची बंद होईपर्यंत उतारावर असतो. तिसऱ्या दिवशी सकाळी मला जिना उतरणेही कठीण होते. यंदा चौथ्या दिवशी दुपारी अगदी शेवटच्या फेरीत मी पडले आणि गुडघा मुरगळला. सूज दोन दिवसांत उतरली, पण अजूनही जिना उतरताना गुडघा मधूनच निसटल्यासारखा वाटतो. सुट्टीत रात्री झोपही नीट लागत नाही. विश्रांती घ्यावी म्हटले तर आधीच काढलेला लिफ्टचा पास फुकट जातो आणि बरोबरच्यांचा खोळंबा होतो, अशी टोचणी लागते. सहाही दिवस नीट स्कीइंग करता यावे यासाठी ताकद कशी वाटून वापरावी?

उत्तर : थकव्याचा विचार करण्यापूर्वी गुडघ्याविषयी सांगणे मला आवश्यक वाटते. पुढच्या सुट्टीचे काहीही ठरवण्याआधी तो अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. स्कीइंगमधील गंभीर दुखापतींत गुडघ्याच्या दुखापती सर्वाधिक आढळतात आणि त्यांतही अँटिरिअर क्रूसिएट लिगामेंट, म्हणजे नडगीचे हाड पुढे सरकू न देणारा गुडघ्याच्या आतला अस्थिबंध, फाटण्याचे प्रमाण मोठे असते. तो फाटला तरी काही दिवसांनी सूज उतरते आणि सपाट जमिनीवर चालणे जमू लागते, म्हणून अनेक जण दुखणे अंगावर काढतात. मात्र वळताना किंवा उतरताना गुडघा निसटल्यासारखा वाटणे ही त्याची नेहमीची खूण आहे. तुम्हाला तेच झाले आहे असे पत्रावरून सांगता येणार नाही, परंतु तपासणी होईपर्यंत या उत्तराच्या शेवटी सांगितलेला व्यायाम सुरू करू नका.

आता तुमचा मूळ प्रश्न. तिसऱ्या दिवशी पाय का संपतात हे नीट समजले की बाकीचे नियोजन आपोआप सुचू लागते. वळण घेताना मांडीच्या पुढच्या भागातील मोठे स्नायू शरीराला वर ढकलत नसतात, तर खाली जाऊ पाहणाऱ्या शरीराला आवरून धरत असतात. म्हणजे ते ताणले जात असतानाच आकुंचनही पावत असतात. जिना उतरताना होते ते हेच काम. त्यात दम फारसा लागत नाही आणि म्हणूनच ते फसवे असते, कारण श्वास शांत असल्याने आपण ताजेतवाने आहोत असे वाटते आणि त्याच वेळी स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होत राहते. या इजेची वेदना लगेच जाणवत नाही. ती 24 ते 72 तासांच्या दरम्यान सर्वांत तीव्र होते. पहिल्या दोन दिवसांत जे झाले ते सगळे तिसऱ्या दिवशी सकाळी जिन्यावर एकदम समोर येते ते यामुळेच. वेदनेपेक्षाही महत्त्वाची गोष्ट अशी की या काळात स्नायूची प्रत्यक्ष ताकद घटलेली असते, आणि आपला गुडघा नेमका किती वाकला आहे याची शरीराची जाणही मंदावलेली असते. वेदनाशामक गोळीने दुखणे दबते, पण ही दोन्ही उणी तशीच राहतात. म्हणून सकाळी गोळी घेऊन उतारावर जाण्याची जी सवय अनेकांत दिसते, ती मला धोक्याची वाटते. शरीरात पाणी कमी असताना आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांचा मूत्रपिंडांवरही ताण पडतो.

दुसरे कारण बराच वेळ वाकून राहण्याचे. स्नायू जोराने आवळलेला असतो तेव्हा त्याच्या आतल्या रक्तवाहिन्याही दाबल्या जातात आणि रक्तपुरवठा अपुरा पडतो. मांडी पेटल्यासारखी वाटते ती त्यामुळे. स्वित्झर्लंडमधील वेंगेन येथील लाउबरहॉर्न ही विश्वचषक मालिकेतील सर्वांत लांब डाउनहिल शर्यत आहे. सुमारे साडेचार किलोमीटरचा तो मार्ग उत्तम स्कीपटू साधारण अडीच मिनिटांत उतरतात, आणि वर्षभर त्याचीच तयारी करणाऱ्या त्या स्कीपटूंनाही अखेरच्या वळणांत पाय साथ देईनासे होतात. तेव्हा तुम्हाला लांब उतारावर मध्ये थांबावेसे वाटते यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. थांबल्यावर मात्र गुडघे सरळ करून उभे राहा, नुसत्या वाकलेल्या पायांवर थांबलात तर स्नायूंना रक्त मिळत नाही. जागा उताराच्या कडेची आणि वरून येणाऱ्यांना दुरून दिसेल अशी निवडा. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या दहा आचारनियमांतही अरुंद किंवा नजरेआड असलेल्या जागी विनाकारण थांबू नये असे म्हटले आहे.

उभे राहण्याच्या ढबीचाही यात मोठा वाटा असतो. भीतीने किंवा थकव्याने वजन टाचांवर गेले की सारा भार मांड्यांवर येतो, कारण मग हाडांऐवजी स्नायू शरीर तोलून धरतात. नडगी बुटाच्या पुढच्या पट्ट्याला टेकलेली जाणवत असेल तर वजन योग्य जागी आहे असे समजा. सुट्टीच्या पहिल्या सकाळी प्रशिक्षकाबरोबर घालवलेले दोन तास पुढच्या पाच दिवसांच्या मांड्या वाचवतात, आणि तुमच्यासारख्या अनेक वर्षांच्या अनुभवी व्यक्तीलाही मी ते सुचवीन.

आता सहा दिवसांची वाटणी. पहिला दिवस अर्धाच ठेवा, आणि यात सूट घेऊ नका. उत्साह सर्वांत जास्त असतो तो याच दिवशी; प्रवासाची झोप बाकी असते, शरीराला उंचीची सवय नसते आणि स्नायूंना या कामाची ओळखही नसते. 2500 मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे तीन चतुर्थांश असतो, म्हणजे प्रत्येक श्वासागणिक मिळणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी असतो, आणि लिफ्ट तुम्हाला तिथे काही मिनिटांत नेऊन सोडते. डोकेदुखीसोबत मळमळ, चक्कर किंवा नेहमीपेक्षा वेगळा थकवा जाणवला तर तो नुसता शिणवटा न मानता उंचीचा त्रास समजा आणि तो पूर्ण ओसरेपर्यंत आणखी वर जाऊ नका. बसल्या जागी धाप लागणे किंवा चालताना तोल जाणे ही लक्षणे दिसली तर वाट न पाहता खाली उतरून वैद्यकीय मदत घ्यावी लागते.

दुसरा दिवस पूर्ण घेण्यास हरकत नाही, पण तोही शेवटच्या लिफ्टपर्यंत नको. तिसऱ्या दिवशी फक्त सकाळ घ्या आणि सोपे उतार निवडा. चौथा दिवस विश्रांतीचा. पाचवा दिवस हा तुमचा सर्वांत चांगला दिवस ठरावा अशी सारी मांडणी आहे, आणि सहाव्या दिवशी दुपारपर्यंत थांबा. तिसऱ्या आणि चौथ्या दिवसांची अदलाबदल हवामान पाहून खुशाल करा. जोराचा वारा असलेल्या दिवशी वरच्या लिफ्ट अनेकदा बंदच राहतात. ढगाळ, सावलीहीन उजेडात बर्फावरचे उंचवटे दिसत नाहीत आणि प्रत्येक वळण अंदाजाने घ्यावे लागल्याने शरीर सतत ताठरलेले राहते. तापमान उणे 10 अंश असताना ताशी 30 किलोमीटर वारा असेल तर उघड्या त्वचेला ते सुमारे उणे 20 अंशांसारखे जाणवते, आणि उतरताना तुमचा स्वतःचा वेगही असाच वारा निर्माण करतो. असा दिवस आदल्या रात्रीच्या हवामान अंदाजावरून ओळखून विश्रांतीसाठी राखून ठेवला, तर तुम्ही काही गमावत नाही.

विश्रांतीचा दिवस म्हणजे दिवसभर अंथरुणात पडून राहणे नव्हे. अर्धा-पाऊण तास सपाट रस्त्यावर सावकाश चालणे किंवा कोमट पाण्यात पोहणे यामुळे आखडलेपणा कमी होतो, पण स्नायूंना पुन्हा इजा होत नाही. खोल ताण देऊन दुखणारे स्नायू ओढण्यापासून फार फायदा मिळतो असे मला वाटत नाही. हलके मालीश सुखावह असते, तेवढ्याच अपेक्षेने करून घ्यावे.

पासविषयीची तुमची टोचणी मला पूर्ण समजते. पण पासचे पैसे सुट्टीच्या पहिल्याच दिवशी खर्च झालेले असतात आणि तुम्ही कितीही फेऱ्या मारल्या तरी ते परत येत नाहीत. उतारावर गेल्याने मिळणारा आनंद आणि होणारी इजा एवढ्याच गोष्टी अजून तुमच्या हातात असतात. काही ठिकाणी सात दिवसांपैकी कोणतेही पाच दिवस वापरता येतील असे पास मिळतात. पुढच्या वेळी आरक्षण करताना त्याची चौकशी करा, म्हणजे विश्रांतीच्या दिवसाचा हा प्रश्न मुळातच राहणार नाही.

दिवसाच्या आतली ताकदही अशीच वाटावी लागते. सकाळी बूट चढवण्याआधी पाच-दहा मिनिटे जागच्या जागी चालणे, पाय झुलवणे, थोडे उठणे-बसणे एवढे पुरे. त्यानंतरच्या पहिल्या दोन फेऱ्या तुम्हाला अगदी सोप्या वाटणाऱ्या उतारावर करा. अवघड उतार मध्यसकाळी घ्या, कारण तेव्हा स्नायू गरम असतात, लक्ष ताजे असते आणि बर्फही बहुधा चांगला असतो. दुपारनंतर, विशेषतः उन्हाळ्याकडे झुकलेल्या हंगामात, बर्फ ओला आणि जड होतो, वळणावळणाला ढिगारे साचतात आणि त्याच फेरीला सकाळपेक्षा कितीतरी जास्त जोर लागतो. जेवण गर्दीच्या वेळेच्या तासभर आधी उरका: टेबल सहज मिळते, आणि बाकीचे जेवत असताना उतार मोकळे मिळतात. त्या वेळी भरपेट जेवू नका आणि पाऊण तासाहून जास्त बसू नका. त्यानंतर पाय गार पडतात, म्हणून जेवणानंतरची पहिली फेरी पुन्हा सोप्या उतारावरचीच असावी.

खुर्चीची लिफ्ट किंवा गोंडोला, म्हणजे तारेवरून जाणारा बंद डबा, ही हक्काची विश्रांती आहे, तिचा पुरेपूर उपयोग करा. बसताच बुटांची वरची बकले सैल करा, खांदे खाली सोडा, पायांची बोटे हलवा, दोन घोट पाणी प्या आणि एखादा घास खा. उतरण्याआधी बकले परत लावण्यास विसरू नका. दोरीला धरून उभ्याने वर नेणाऱ्या लिफ्टमध्ये मात्र पायांना अजिबात विश्रांती मिळत नाही, त्यामुळे थकल्यावर तशा लिफ्टची बाजू टाळलेली बरी.

खाण्याबाबत एक चूक सर्रास होते, ती म्हणजे भुकेची वाट पाहणे. स्नायू मुख्यतः ग्लायकोजेनवर, म्हणजे स्वतःतच साठवलेल्या शर्करेवर, चालतात आणि हा साठा काही तासांच्या जोरकस श्रमात बराच खाली येतो. त्यानंतर पाय जड होतात आणि लक्षही विचलित होऊ लागते. दर तासा-दीड तासाने थोडे पिष्टमय आणि गोड खात राहा. तो खाऊ जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवा, कारण बाहेरच्या खिशात तो दगडासारखा कडक होतो. संध्याकाळी उतारावरून आल्यावर पहिल्या तासाभरात पिष्टमय पदार्थ आणि प्रथिने पोटात गेली तर दुसऱ्या दिवसासाठी साठा लवकर भरतो. थंडीत तहानेची जाणीव मंदावते आणि लघवी जास्त होते, तर कोरड्या हवेत श्वासावाटेही पाणी जाते. त्यामुळे तहान लागली नाही तरी प्रत्येक फेरीनंतर घोट-दोन घोट प्यावे. पाठीवरच्या पाण्याच्या पिशवीची नळी वापरत असाल तर पिऊन झाल्यावर नळीतले पाणी फुंकून परत पिशवीत सारा, नाहीतर ते नळीत गोठते.

झोप न लागण्याची कारणे बहुधा उंची, कोरडी हवा आणि संध्याकाळच्या सवयी यांत सापडतील. उंचीवर झोपेत श्वास काही क्षण मंदावतो आणि मग एकदम वाढतो, त्यामुळे पुन्हा पुन्हा जाग येते. पहिल्या काही रात्रींत हे सुधारते. मुक्काम निवडण्याची मोकळीक असेल तर खालच्या गावात झोपावे आणि दिवसा वर जावे, हे सर्वांत साधे आणि परिणामकारक आहे. कॉफीतील कॅफिनचा निम्मा अंश सुमारे पाच तासांनंतरही शरीरात असतो, म्हणून ती दुपारच्या जेवणानंतर घेऊ नका. मद्याने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री ती मोडते, शिवाय उंचीवर ते श्वसनही मंदावते. गरम पाण्याचे स्नान झोपण्याच्या तास-दीड तास आधी आटोपले तर नंतर शरीर हळूहळू निवत जाते आणि झोपेला मदत होते. झोपेची गोळी उंचीवर स्वतःच्या मनाने घेऊ नका.

थांबायचे केव्हा हे ओळखणे सर्वांत अवघड असते, कारण थकलेले मनच हा निर्णय घेत असते. माझा सल्ला असा की सकाळी एक ओळखीचा, मध्यम उतार ठरवून ठेवा आणि तो किती थांबे घेऊन उतरता ते लक्षात ठेवा. दुपारी तोच उतार पुन्हा घ्या. थांबे वाढले असतील, वळण ठरवल्यापेक्षा उशिरा होत असेल, स्कीची टोके एकमेकांवर येत असतील किंवा उगाच चिडचिड होत असेल, तर तो दिवस संपला. त्यानंतर ‘शेवटची एक फेरी’ मारू नका. गावाकडे उतरणारा दिवसाअखेरचा मार्ग बहुतेक ठिकाणी सर्वांत वाईट अवस्थेत असतो, कारण दिवसभराच्या वर्दळीने तो खरवडलेला असतो, सावलीत गेल्याने पुन्हा गोठू लागलेला असतो आणि घाईने परतणाऱ्यांनी भरलेला असतो. तुमचा गुडघा अशाच वेळी मुरगळला. गोंडोलाने खाली या, आणि त्यासाठी खाली जाणारी शेवटची गोंडोला किती वाजता सुटते ते सकाळीच पाहून ठेवा.

आता बरोबरच्यांविषयी. तुमच्या यजमानांशी आणि पुतणीशी एकच गोष्ट स्पष्ट बोला, आणि ती सुट्टीआधी घरीच बोला. वेगात पुढे गेलेले दोघे खाली थांबतात, तिथे त्यांची विश्रांती होते. तुम्ही पोहोचता आणि ते लगेच निघतात. अशा दिवसात त्या दोघांना प्रत्येक थांब्यावर विश्रांती मिळते आणि जिला ती सर्वांत जास्त हवी तिला एकदाही मिळत नाही. त्यांना हे जाणवलेलेही नसेल, कारण त्यांच्या बाजूने ते तुमची वाट पाहत असतात. तुम्ही पोहोचल्यानंतर दोन मिनिटे कुणीही हलायचे नाही असे ठरवून टाका. दुसरे असे की दिवसभर एकत्र राहण्याचा आग्रह सोडा: सकाळचे दोन तास तिघांनी बरोबर घालवावेत, मग जेवणाच्या ठरलेल्या जागी आणि वेळी भेटावे आणि दुपारी ज्याला जे हवे ते त्याने करावे. प्रत्येकाकडे फोन आणि बचाव पथकाचा क्रमांक असावा, आणि त्या दोघांनी आखलेल्या मार्गांच्या बाहेर जायचे ठरवले तर ते तुम्हाला आधी सांगून जावे. तुम्ही एक वाजता खाली गेलात तर त्यांचा खोळंबा होत नाही. उलट जखमी माणसाला घेऊन जाण्यात तिघांचीही सुट्टी जाते, हे यंदा त्यांनी पाहिलेच आहे.

शेवटी घरच्या तयारीविषयी, अर्थात डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर. ताणले जात असताना आकुंचन पावण्याचे काम स्नायूंनी एकदा केले की पुढचे काही आठवडे त्याच कामाने त्यांना पुष्कळ कमी इजा होते, आणि तुमच्या तिसऱ्या दिवसावरचा खरा उपाय यातच आहे. सुट्टीच्या सहा ते आठ आठवडे आधीपासून आठवड्यातून दोन-तीनदा व्यायाम सुरू करा. जिना उतरताना प्रत्येक पायरीवर वजन सावकाश खाली न्या, आणि खुर्चीवर बसताना धपकन न बसता चार-पाच सेकंद घेऊन खाली या. चढताना लिफ्ट वापरली तरी चालेल, उतरताना मात्र जिनाच वापरा. पहिल्या आठवड्यात मांड्या दुखतील, म्हणून थोडक्यापासून सुरुवात करून दर आठवड्याला थोडी भर घाला. गुडघ्याच्या आत दुखले किंवा तो निसटल्यासारखा वाटला तर तिथेच थांबून पुन्हा डॉक्टरांना विचारा. निघण्याच्या चार-पाच दिवस आधी हा व्यायाम पूर्ण बंद करा आणि फक्त चालत राहा.